पेल्यातला धागा

बुन्योनी तळ्याच्या वर डोंगराला पाडलेल्या पायऱ्या,
खालून मोजल्या तर सातवी माझी.
दुपारी झाडं मान टाकायची, रात्रीतून परत उचलायची.
मला वाटलं, उन्हाचं असेल.
पाचव्या दिवशी उचलली नाही.
पानं तशीच हिरवी.
हिरवेपणीच मेलेली.

कृषी खात्याचा तुमवेबाझे मोटारसायकलवरून आला,
त्यानं पाणी मागितलं. प्यायला नव्हे.
काचेचा पेला हवा, म्हणाला, धुतलेला.
बुंध्याशी वीतभर खोड कापून
त्यानं ते पाण्यात टेकवून धरलं. आता हलू नका.
आम्ही दोघं उभे,
चुलीवरचं दूध वर येण्याची वाट बघावी तसे.

मग खोडातून एक पांढरा धागा सुटला
आणि सरळ तळाकडे उतरत गेला,
झोपलेल्या बाळाच्या ओठातून दूध ओघळावं तसा.
एवढंच? मी विचारलं.
एवढंच. यात कबालेच्या बाजारातल्या माणसांपेक्षा
जास्त जीव आहेत.

औषध नाही.
इथे ज्वारी करा, मका करा, बटाटा विसरा.
कुदळ धुवा. चपला धुवा.
वरच्या पायरीचं पाणी खाली सोडू नका
(हे त्यानं पावसालाही सांगायला हवं होतं).
आणि जाताना एक पिशवी बेणं ठेवून गेला.
त्या वाणाला नाव नव्हतं, नंबर होता.
शेजारच्या न्जेरेकानं नाव पाडलं: मुका.

मी ज्वारी केली नाही. मुका लावला, त्याच मातीत.
तो उभा राहिला.
आजूबाजूला सगळं मान टाकत असताना
माझी सातवी पायरी ताठ.
लोक बघायला यायचे. मी मुद्दाम बांधावर बसायचे.

कोबुसिंग्ये लग्न होऊन किसोरोला गेली,
तिच्या टोपलीत मी मुका घातला, वरून केळीचं पान.
वाण दिला.
त्याच्याबरोबर गुणही गेला.

दोन महिन्यांनी फोन.
आई, तुझे बटाटे उभे आहेत.
सासूबाईंचे लाल सगळे झोपले.
मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.

मी माझा एक बटाटा मधोमध कापला.
पांढराशुभ्र. दाबून पाहिला, थेंब नाही.
त्याला इतके डोळे, त्यातला एकही चिकट नाही.
तुमवेबाझेनं चकत्या प्रयोगशाळेत नेल्या,
अकरा दिवसांनी चिठ्ठी आली, एका शब्दाची: आहे.

हा वाण रोगाला हटवत नाही, तो म्हणाला,
खाली बघत, जणू त्याचीच चूक.
हा सोसतो. पोटात घेऊन उभा राहतो.
शेजाऱ्यांना कळतं, याला कळत नाही.

मला हे बटाट्याबद्दल माहीत नव्हतं.

शनिवारी कोबुसिंग्ये आली, चालत, बसथांब्यापासून.
नळाशी तिच्या चपला मी ब्रशनं घासल्या,
दोन्ही शेतांची माती एकाच गटारात गेली,
ते लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

कशी आहेस?
बरी आहे.
सासू?
बरी आहे, म्हणाली, ताठ बसून,
लहानपणी मी शिकवलं होतं तशी.

मी पेला धुतला, भरला,
तिच्यापुढे ठेवला
आणि हलले नाही.