लांबी

सकाळी सातलाच या, ऑड्रीबाई फोनवर म्हणाल्या होत्या,
नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही.
मे महिना. मोहननगर.
ठवकर मिस्त्री माझ्याआधीच फाटकाशी उभा,
शर्टाच्या खिशावर तर्रीचा ताजा डाग,
खिशात जुन्या स्पीकरमधलं चुंबक, रुमालात बांधलेलं.

त्यानं आधी बॉनेटवर तळवा ठेवला
आणि बराच वेळ ठेवूनच उभा राहिला.
"थंडी आहे. आपल्यासाठी चालू करून नाही ठेवली.
बाई खरी आहे भाऊ."

एकोणीसशे छप्पनची एमजी.
कांद्रीच्या खाणीतला साहेब विलायतेला परतताना
लेस्लीच्या गळ्यात मारून गेला.
लेस्ली, म्हणजे भिंतीवरचा तो, तिरप्या टोपीतला,
इटारसीपर्यंत मेल न्यायचा.
दाराला बाहेरून हँडलच नाही,
आत हात घालून दोरी ओढायची.
पायाखाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली चॅसिस,
चॅसिसखाली पाठीवर झोपलेला ठवकर,
स्क्रू ड्रायव्हरनं टोचत, मधेच "हं" म्हणत.
सीटमागच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी
नॅप्थलीनच्या गोळ्या
आणि पालीची अंडी.

मी तीस वर्षं मेयोत एक्स-रे काढले.
श्वास घ्या, रोखा, सोडा,
यापलीकडे पेशंटशी बोललो नाही.
फिल्मवर काय दिसलं ते आपण सांगायचं नसतं.
आता पेन्शनीत ही हौस.
बायको म्हणते, दोनच सीटा? मग भाजी कुठं ठेवायची?

चुंबक दारावरून घसरून पडलं.
बाई दचकल्या.
"नाही नाही, दार ॲल्युमिनमचंच असते हिचं," ठवकर म्हणाला.
पुढचं मडगार्ड, टक्. बरोबर.
मागचं उजवं, टक्.
मागच्या डाव्यावर आला
आणि चुंबक पुन्हा त्याच्या मांडीवर.
"इथं लोखंड कुठं आहे? लांबीच लांबी."

बाईंनी घरी शिवलेल्या फ्रॉकचा खिसा चाचपला, चष्मा काढला.
"ती मी भरवली," त्या म्हणाल्या.
"एकोणऐंशी साली. शिकत होते, या खांबाला घासली.
लेस्ली तीन दिवस लाइनवर. सदरचा पेंटर बोलावला,
दोन रात्रीत रंग वाळवला पंखा लावून.
त्याला कधी कळलं नाही."
आणि हसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या,
ब्याऐंशीच्या वयात.

ठवकर मडगार्डच्या कडेला ब्लेड लावून बसला होता.
"बाई, इथं दोनदा काम झालं आहे.
खालची राखाडी, ती तुमच्या पेंटरची. तडकली.
आपल्या उन्हात तडकणारच.
त्या तडकीत कुणीतरी ही वरची भरली,
लई सबुरीनं, केसाएवढी केसाएवढी.
वर लाल प्रायमर मारला.
हा लाल बाजारात नाही मिळत," त्यानं बोट हुंगलं.
"लोको शेडचा आहे."

कुणी काही बोललं नाही.
पलीकडच्या घरात कूलरमध्ये पाणी सोडल्याचा आवाज.
मी मनात म्हटलं, रोखा.
सोडा म्हणायचं माझ्यानं झालं नाही.

बाईंनी नखानं ती लाल भुकटी उचलली,
पाहिली,
"गाढव," म्हणाल्या,
भिंतीकडे न पाहता.
मग आत जाऊन आमच्यासाठी सरबत करायला लागल्या,
चमचा फार वेळ ढवळत राहिला.

फाटकाबाहेर ठवकर हळूच म्हणाला,
"लांबी निघाली आहे. वीस हजार तोडता येतात."
येतात, हे मलाही ठाऊक होतं.
मी आठ तोडले.
बाई हो म्हणाल्या, फक्त
ते मडगार्ड उकरायचं नाही.
"आतून गंज चालू आहे," ठवकर कुरकुरला,
"दोन पावसाळे, फार तर तीन."

आरसी बुकात नाव अजून लेस्लीचंच.
सोमवारी आरटीओत जायचं आहे,
दहाच्या आत, उन्हाच्या आधी.