उजवा गुडघा

मोझांबिककडून चिपेरोनीचं धुकं येतं तेव्हा
थ्योलोच्या चहामळ्यात माणसं आवाजावरून ओळखावी लागतात.
खोकला फालेसीचा. रबरी चपलांची फटफट नसिबेकोची.
मी तिकाटण्याखाली उभा, कानावर पेन्सिल,
समोर टांगलेला तबकडीचा काटा.
बायका पाठीवरच्या टोपल्या पोत्यात रित्या करतात,
पोतं आकड्याला चढतं,
मी वजन पुकारतो.

माझा उजवा गुडघा
पोत्याच्या बुडाखाली असतो.

जरासाच वर होतो.
देवळातल्या बाकावर कुणाला वाट द्यावी
तितकाच.
सुई एक किलो मागे येते,
धुक्यात कुणाला काय दिसणार?

त्या किलोला घर लागतं.
वहीच्या शेवटच्या ओळीत मी ते ठेवायचो,
एलुबेच्या नावापुढे.
एलुबे माझी बायको. तिच्याइतकी कोवळी पानं
या टेकडीवर कुणी खुडली नाहीत.
तीन वर्षं झाली, ती देवळामागे निलगिरीखाली निजली,
आणि मळ्याच्या वहीत
दिवसाला बारा-बारा किलो खुडत राहिली.

पहिल्या महिन्यात नाव काढायचं राहून गेलं.
हे खरं आहे.
दुसऱ्या महिन्यात राहू दिलं.
हेही खरंच.

रविवारी तोच गुडघा सिमेंटवर टेकायचा.
आमचे अबुसा, म्हणजे पाळक, आवाज चढवत नाहीत,
त्यामुळे फार लागतं.
मी रडायचो. खोटं नाही.
प्रभुभोजनाचा इवलासा पेला ओठांना लावताना
दर वेळी वाटायचं, सुटलो.
सोमवारी पहिले पाढे पंचावन्न.

मग एका बुधवारी, कसलाही सण नसताना,
रॉकेलच्या दिव्यापाशी वही उघडली
आणि एलुबेच्या नावावर रेघ मारली.
पट्टी लावून, हात थरथरू नये म्हणून.
तिला पुरलं त्या दिवशी न आलेलं रडू
त्या रेघेनंतर आलं.

सकाळी मोठ्या साहेबांना सांगितलं.
वाटलं, हाकलतील. त्यांनी पगार कापला
आणि पुन्हा काट्यापाशीच उभं केलं.
हाकललं असतं तर सोपं झालं असतं.

कारण पहिलं पोतं चढलं
आणि गुडघा वर गेला.
कुणासाठी? वहीत आता ओळही नव्हती.
सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात;
मी तो पीळ स्वतःच्या मांसात पाहिला.

फालेसीला सगळं सांगितलं. तिचेही किलो होते त्यात.
ती बराच वेळ गप्प.
मग गोणपाट झटकत म्हणाली,
"त्या वर्षी माझ्या थोरल्याची शाळा सुटली."
एवढंच.
माफ केलं, असं म्हणाली नाही.
पण दुसऱ्या दिवसापासून रांगेत पहिली उभी राहू लागली,
आणि झुडपांची पातळी जोखायची आपली बांबूची काठी
पोतं आणि माझ्या पायामध्ये आडवी धरू लागली.
"मागे, वायसन."
रोज. हसत नाही, रागवत नाही.

मला वाटायचं, कृपा म्हणजे उजेड,
एकदाच पडणारा, डोळे दिपवणारा.
ती बांबूची निघाली.
नडगीला लागते.

आज फालेसी आली नाही. ताप.
काठी नाही, धुकं दाट,
पोतं आकड्याला, आणि गुडघ्यात ती ओळखीची हालचाल,
झोपेतून कुत्रं उठावं तशी.
"मागे, वायसन," मीच म्हणालो, मोठ्याने.
बायका हसल्या. नसिबेको तर फारच.
मी दोन पावलं मागे सरलो
आणि लांबूनच, मान उंचावून, वाचलं:
तेवीस.

तेवीस, पुकारलं मी.
नसिबेकोने माझ्याकडे पाहिलं.
अजून सदतीस पोती बाकी होती.