मतदानानंतर, अँटवर्प

बंदरावरच्या हॉटेलात दोन दिवस एकच वाद:
वीज गेली तरी प्रोग्रॅममधलं जहाज
डेटाबेसमध्ये निजवायचं कसं?
योरिस म्हणतो, आहे तसंच, पोटातल्या कंटेनरांसकट;
उठवलं की पुन्हा तेच जहाज.
हिल्डेगोंड म्हणते, सुटं करा.
नाव एका तक्त्यात, माल दुसऱ्यात,
किल्ली जपली की जुळतं सगळं.

कॉफी तिसऱ्यांदा गार झाली.
एका कलमातल्या ‘असावे’चं ‘असलेच पाहिजे’ झालं,
त्यात दुपार गेली.

सहा विरुद्ध पाच. तक्ते जिंकले.

योरिसनं गळ्यातला बॅज खिशात कोंबला.
बाहेर शेल्ड नदीत एक खरं जहाज
क्रेनखाली सुटं होत होतं,
एकेक डबा करत,
आणि रिकामं होऊनही
त्याच नावाचं होतं.

हिल्डेगोंडनं ते दाखवलं नाही.
त्यानंच पाहिलं.