विसर्ग

कोर्टाने मला महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार दिलाय.
कॅलेंडरवर मी त्याला दोन टिंबं देतो,
एकाखाली एक,
शाळेत विसर्ग काढायचो तशी.
आमच्या खात्यात विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी.
मी सांगलीत आयर्विन पुलाची पातळी वहीत लिहितो.
केतकी वाईला, तिच्या आईकडे.
नदी तुझ्या गावाहून माझ्या गावाला येते,
असं मी तिला एकदा सांगून बसलो.

शनिवारी मेणवलीच्या घाटावर
शेवटच्या पायरीला पाय बुडवून बसली,
आणि डाव्या पायातली चप्पल गेली.
हिरवी, वर बेडूक असलेली.
मी पँट दुमडेपर्यंत बेडूक वळणापलीकडे.
रडली नाही. म्हणाली,
"पोचेल ना तुझ्याकडे?"
म्हटलं, पोचेल.

मग देवदर्शन राहिलं नावाला,
आम्ही चपलेमागे निघालो, जुन्या अल्टोतून.
ढोल्या गणपतीला तिने काही मागितलं नाही,
फक्त विचारलं, कारण
एवढा मोठा, नदीकडे तोंड करून बसलेला,
त्याला जाताना दिसली असणारच.

माहुलीला, वेण्णा मिळते तिथे,
कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं.
भाताचा पिंड ठेवून सात-आठ माणसं
कावळ्याची वाट बघत उभी.
आणि ही लंगडी घालत त्यांच्यात,
"इकडून हिरवी चप्पल गेली का?"
मी ओढायला धावलो.
नुकतं डोकं उतरवलेला एक जण
नीट आठवून म्हणाला,
"आम्ही आठपासून इथंच आहोत बाळ. अजून तरी नाही."
तेवढ्यात कावळा शिवला.

कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येतात,
भांडायला आल्यासारख्या,
आणि न बोलता एकीकडे वळून चालू लागतात.
केतकी बराच वेळ बघत राहिली.
मी भेळ आणायला गेलो.
बाजारात नवी चप्पल घेतली, गुलाबी.
उरलेली हिरवी तिने पिशवीत ठेवली.
खोडशीच्या बंधाऱ्याचं मी बोललो नाही.
पुढच्या बंधाऱ्यांचं, फळ्यांचं, उपशाच्या पंपांचंही नाही.
बारा वर्षं नोकरी झाली,
या नदीत काय कुठे अडतं, मला पाठ आहे.

रविवारी औदुंबर.
पायऱ्या ओल्या, पेढ्यांवर माश्या,
भिंतीवर तेलरंगाने पुराची रेघ,
माझ्या डोक्याच्या वर दोन हात.
दर्शन झाल्यावर नावेतून पलीकडे भुवनेश्वरीला.
नावाडी सर्जेराव अंबी. त्यालाही विचारून झालं.
"पुरात एकदा अख्खं छप्पर आलं होतं," तो म्हणाला,
"वर कोंबडी, शांत बसलेली.
चप्पल काय, येतीच."
आणि माझ्याकडे न बघता वल्हं मारलं.

हरिपूरला ऊन उतरलं.
वारणा कृष्णेत शिरते तिथे
तिने पिशवीतली चप्पल काढली,
संगमेश्वराच्या घाटावर ठेवली,
तोंड नदीकडे.
"ती आली की तिला कळायला पाहिजे,
कुठं थांबायचं ते."

मग उलटा प्रवास, पाण्याच्या विरुद्ध.
तासवड्याचा टोल, आनेवाडीचा टोल,
मागच्या सीटवर ती झोपलेली,
गालाला अंगाऱ्याचं बोट.
नवाच्या आत सोडायचं होतं.
नऊला सात कमी असताना सोडलं.

सोमवार, सकाळी आठ.
पुलाच्या खांबावर आकडे वाचले,
वाचण्याआधी, उगाच, पाण्यावरून एकदा नजर टाकली.
जलपर्णी. एक नारळ.
वहीत लिहिलं, सात फूट चार इंच.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून थांबलो,
तेवढ्यात फोन.
"बाबा, आली?"
म्हटलं, सध्या पाणी कमी आहे गं,
वरून विसर्ग बंद आहे.
"मग साहेबांना सांग ना,
थोडं सोडा म्हणावं."