आवाज पाहायला

शुक्रवारी, उन्हं चढायच्या आत
इसा टाऊनच्या जुन्या बाजारात आम्ही तिघं:
मी, फैयाज मुकादम, आणि वही घेऊन परुळेकर.
वहीत तेवीस नावं, प्रत्येकी एक दिनार,
पैकी पाच जण 'पगार झाल्यावर'.

धुरी परत चाललेत.
एकोणतीस वर्षं कॉम्प्रेसर हाउसमध्ये काढली.
डावा कान कंपनीकडेच राहिला,
उजवा थोडाफार सोबत नेतायत.
गच्चीवर निरोप, त्यासाठी स्पीकर.
भाड्याने आणला तर एका रात्रीचे बारा,
विकत घेतला तर पुढच्या बारशांनाही होईल,
हे परुळेकरांचं गणित.

सतरंजीवर मांडलेले जुने स्पीकर,
शेजारी मिक्सर, कुबड्या, कुणीतरी जिंकलेले कप.
स्थळ पाहायला आल्यासारखे आम्ही उकिडवे बसलो.
फैयाजला पहिलाच पसंत: कमरेएवढा, निळे-लाल दिवे.
बास वाढवला तशा पलीकडच्या बश्या किणकिणल्या.
"ह्याच्यावर नाचता येईल."
मी जाळीला नाक लावलं. जळका वास.
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.
विकणारा म्हणाला, काही नाही, वाळू आहे.
इथे सगळ्याचं उत्तर वाळूच असतं.

दुसऱ्याच्या कोनाचं रबर बोट लावताच
पापडासारखं मोडलं.
तिसऱ्याला चार्जर नाही.
चौथ्याचं एक चाक गेलेलं, मुठीला चिकटपट्टी,
अंगावर कुठल्याशा बालवाडीचं खरवडलेलं नाव.
फोन जोडला, गाणं वाजलं. बेताचं.
"माइकवर बोलून बघ," परुळेकर म्हणाले.

माइक हातात आला आणि काही सुचेना.
अकरा वर्षांत इथे माझा आवाज
'यस सर'च्या वर चढलेला नव्हता.
हॅलो झालं. एक-दोन-तीन झालं.
मग म्हटलं:
धुरी, डबा खाताना आम्ही जोक सांगायचो,
तुम्ही आमच्या ओठांकडे बघून हसायचात,
आणि अर्धा क्षण उशिरा.
आम्हाला ठाऊक होतं.

बाजारात कुणी वळलं नाही. मराठीत होतं ते.
फैयाजने निळ्या-लाल दिव्यांकडे एकदा पाहिलं
आणि चौथ्याची मूठ धरली.

बॅटरी टिकते का, म्हणून चाळीस मिनिटं
उन्हात उभे राहिलो. विसाचे चौदा झाले.
उरलेले चार केकला.

टॅक्सीच्या डिकीत त्याला आडवा निजवला.
बंद करायचं राहून गेलं होतं.
सिग्नलपाशी घरून फोन.
मी कानाला लावून बसलो,
आणि ती बोलली डिकीतून, सीटच्या पाठीतून,
शब्द न् शब्द सुटा:
"अहो, गॅस संपलाय. आणि जेवलात का?"

पठाण ड्रायव्हरने आरशात पाहिलं.
"आवाज साफ है," म्हणाला.

जेवतो, मी म्हटलं.
मग जरा मागे वळून, डिकीच्या दिशेने,
पुन्हा एकदा, मोठ्याने:
जेवतो गं.