वरून तिसरं

माझ्या ताब्यात एकच बटण होतं.
मतदान अधिकारी क्रमांक तीन. चिठ्ठी घ्यायची,
बोटावरची शाई बघायची, बटण दाबायचं.
लाल दिवा लागतो.
मग पुठ्ठ्याआडून लांब शिट्टी येईपर्यंत
कुणालाच काही करता येत नाही,
कलेक्टरलासुद्धा.

आमचा मतदारसंघ म्हणजे वाकळ.
एका तालुक्याचं डोकं, दुसऱ्याचे पाय,
मधून दुधना, आणि उरलेली गावं
जिथं जागा सापडली तिथं टाचलेली.
खांबेवडगाव असंच टाचलेलं.
बाजार इकडे, तहसील तिकडे,
आमदार येतो तेव्हा रस्ता विचारत येतो.

रात्री शाळेत बाकं जोडून झोपलो.
केंद्राध्यक्ष कुरेशी सर यंत्राची पेटी उशाला घेऊन.
बाहेर मोटारसायकल थांबली, कुत्री भुंकली,
एक दार वाजलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं.
आम्ही कूस बदलली.

सकाळी कापसाला जायच्या आधी बाया रांगेत.
बोंडांनी ओरबाडलेली बोटं,
शाई नखावर कमी, भेगांत जास्त.

दुपारी दीडला
कौतिकाबाई नागोराव धबाले, अनुक्रमांक चारशे बारा.
अंगठा नाही, सही केली,
'ध'ला जास्तीची एक गाठ मारून.
मी बटण दाबलं. त्या आत गेल्या.

शिट्टी येईना.

बब्रुवान खाकरला, तो ढगेसाहेबांचा एजंट.
समोरच्या एजंटनं यादीतून मान वर काढली.
दारातून नागोराव ओरडला,
"अगं, वरून तिसरं म्हणलं ना!"
सरांनी पोलिसाकडे बघितलं, पोलिसानं नागोरावाकडे.
आतून आवाज आला,
"थांबा. वाचायलेव."

दोन साखर कारखाने, चार शिक्षणसंस्था,
अडीचशे गाड्या, रात्रीची ती सगळी दारं
पुठ्ठ्याच्या अलीकडे खोळंबली होती
आणि पलीकडे एक बाई
वेलांटी सोडवत होती.

"सायेब, वरून तिसरा दिगंबर ढगे,
आन् खालून तिसराबी दिगंबर ढगे.
ह्यो खालचा फाट्यावरचा पंक्चरवाला दिगू न्हवं का?"

दोन्ही एजंट एकदम फरशी बघू लागले.
"बाई, मतदान गुप्त असतं," सर म्हणाले,
पण आवाज त्यांचाच त्यांना पुरला नाही.

दिगूनं अर्ज भरला, म्हणजे भरवला गेला, त्या दिवसापासून
टपरीला कुलूप. कुणी म्हणे गोव्याला नेलाय,
कुणी म्हणे पाहुण्याकडे कोंडलाय.
बापानं ठेवलेलं नाव,
तेवढीच इस्टेट होती त्याची. ती भाड्यानं गेली.

मग शिट्टी वाजली. नेहमीएवढीच.
कौतिकाबाई बाहेर आल्या, पदर सारखा केला,
म्हणाल्या, "गुरुजी, अक्षर लई बारीक छापतेत."
आणि कापसाला गेल्या.
पुढची चिठ्ठी माझ्या हातात तशीच ओली राहिली घामानं.

निकालाला मी घरी, पाचवीच्या वह्या तपासत.
ढगेसाहेब पडले, अकराशे चौऱ्याण्णवनी.
दिगूला तेवीसशे.
तालुक्यात आठ दिवस एकच, लोक चुकले,
अडाणी लोक, फोटोसुद्धा बघत नाहीत.
मी केंद्रवार आकडे काढले.
खांबेवडगावात दिगू, सदतीस.

परवा फाट्यावर माझी गाडी बसली.
टपरी उघडी, नवा कोरा कंप्रेसर.
दिगूनं ट्यूब पाण्यात बुडवली,
बुडबुडे शोधता शोधता म्हणाला,
"गुरुजी, तुमची ड्युटी तिकडंच होती की.
ते सदतीस कोण हो?
माझं तर त्या गावात कुणी न्हाई."

मी म्हणालो, मागच्या चाकातही हवा बघ.