दोन पोटं

रिओ क्लारो. सकाळचे सात.
मायक्रोटोमचं चाक फिरवते मी,
मेणात गोठलेल्या मुंगीची फीत निघते
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या सोडते,
मग काचपट्टीवर उचलायची, श्वास रोखून.
शिंकलीस तर आठवडा गेला, म्हणतात प्रोफेसर ओदिलॉन.
मी एकदाच शिंकले होते.

रंग चढला की दिसतं.
ही आमिष न खाल्लेली:
आतड्याच्या भिंतीत पेशी उभ्या,
कणसातल्या दाण्यांसारख्या दाटून.
ही चोवीस तासांनंतरची:
दाण्यादाण्यात पोकळी, किडीनं पोखरल्यासारखी.
ही बहात्तरची:
भिंत कुठे संपली
ते मला पेन्सिलीनं दाखवता येत नाही.
मूत्रनलिका तेवढ्या उपसत राहिलेल्या,
गळक्या होडीत कुणी ओंजळीनं पाणी काढावं तशा.

मुंगीला दोन पोटं.
पुढचं सगळ्यांचं,
मागचं तिचं.
मधे एक झडप.
पुढच्यातलं ती वाटेत भेटेल तिला देते,
तोंडातून तोंडात. मागितलं की देते.
म्हणून विष घाईचं नको,
आमच्या वहीत पहिल्याच पानावर आहे.
घाईचं विष वाटेतच मारतं.
शहाणं विष थांबतं,
तिला घरी पोचू देतं,
वाटू देतं.

दाणे संत्र्याच्या चोथ्याचे.
माझे वडील, ओस्मारिनो,
निलगिरीच्या मळ्यात पाठीवर पोतं घेऊन
वारुळागणिक मोजून टाकायचे. एकोणीस वर्षं.
घरी आले की अंगाला संत्र्याचा वास,
आम्ही पोरं बिलगायचो त्या वासाला.
त्यांनी स्वतः संत्रं कधी सोललं नाही.
विचारायचं राहिलं.

ऑक्टोबरात आई उडत्या राण्या पकडायची,
पंख खुडून कसाव्याच्या पिठात परतायची.
खायचं फक्त पोट,
कुरकुरीत, भाजल्या शेंगदाण्याच्या चवीचं.
एका वर्षी वडील दारातूनच म्हणाले, यंदा नको.
आईनं कढई तशीच मागच्या खड्ड्यात उपडी केली.
धाकटा तोनिको रडला. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

आज सतरा नंबर.
बाकीच्यांसारखीच, चोवीस तासांवाली.
पुढचं पोट टम्म,
झडप मिटलेली,
मागची भिंत धडधाकट, एकेक केंद्रक जांभळं, जागच्या जागी.
गिळलंच नव्हतं तिनं.
नुसतं सांभाळलेलं,
कुणीतरी मागेल म्हणून.
आणि मागायच्या आधीच
मी तिला चिमट्यानं उचललं होतं.

रकान्यात काय लिहू?
'परिणाम नाही' खरं आहे,
आणि खोटंही.

दारातून प्रोफेसर विचारतात, सतराचं काय?
फाटली, म्हणते मी.
हुं, म्हणतात ते. अठरा घे.

काचपट्टी माझ्या कोटाच्या खिशात,
रुमालात गुंडाळलेली.
दुपारी बसमध्ये वाकताना
हात आधी तिथे जातो.